इंजिनात नसलेला आवाज

दाताच्या डॉक्टरांनी गाडीचं डावं दार ओढून लावलं. धप्प झालं, जुन्या गाड्यांचं दार लागतं तसं भरदार. आणि त्या धप्पच्या पाठोपाठ, मोठ्या माणसाच्या मागून पोराने डोकावावं तसा, आणखी एक बारीक आवाज आला. टक्. डॉक्टरांना तो ऐकू आला नाही, कारण ते गाडी पाहायला आले होते, ऐकायला नव्हे. दादाला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचं कानात घालायचं यंत्र नेहमीप्रमाणे शर्टाच्या खिशात होतं, आणि त्याची मुलगी म्हणायची त्याप्रमाणे त्या खिशाला हल्ली फार छान ऐकू यायला लागलं होतं. धाकट्याने मात्र तो आवाज ऐकला. ही टकटक त्याच्या चांगल्या ओळखीची होती. याच टकटकीपायी दोघा भावांनी या गाडीचं मूळ इंजिन उतरवलं होतं. ते इंजिन कित्येक वर्षं गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होतं. गाडीत बसलेलं इंजिन दुसऱ्याच कुठल्या गाडीचं होतं, आणि या घडीला ते बंद होतं.

“जुन्या इंजिनाला काय झालं होतं हो?” डॉक्टरांनी नेमकं तेव्हाच विचारलं. रोग्याला दात दाखवायला सांगावं तशा सवयीने त्यांनी बॉनेट उघडायला लावलं होतं आणि ते छोट्या टॉर्चने आत बघत होते.

“आवाज येत होता,” धाकटा म्हणाला.

“कसला?”

धाकट्याने डाव्या दाराकडे पाहिलं. दादा मध्येच म्हणाला, “फार आवाज यायचा. सहन होईना अगदी.” मग तो धाकट्याकडे बघून हसला, आणि आपण काहीतरी बरोबर बोललो ना, अशा नजरेने बघतच राहिला.

डॉक्टरांना गाडी आवडली होती. अर्धवट असली तरी हरकत नव्हती, उलट अर्धवट होती म्हणूनच हवी होती. उरलेलं काम करायची त्यांना हौस होती. त्यांच्याकडे अशा आणखी गाड्या होत्या. उद्या संध्याकाळपर्यंत काय ते कळवा, म्हणजे परवा उचलून न्यायची सोय करतो, असं म्हणून ते गेले. दादाचं घर विकलं गेलं होतं. महिनाअखेरीला किल्ल्या द्यायच्या होत्या आणि दादा मुलीकडे राहायला जाणार होता, तिच्या गावाला, दिवसभराच्या वाटेवर. घराबरोबर गॅरेजही जाणार, तेव्हा गाडीचं काहीतरी करणं भागच होतं. बाबांनी जाताना वाटणी सोपी करून ठेवली होती, थोरल्याला घर आणि धाकट्याला गाडी. पण धाकटा राहायचा चौथ्या मजल्यावर, खाली सायकल लावायची तर शेजाऱ्याची परवानगी लागायची, त्यामुळे गाडी थोरल्याच्या घरातच राहिली. नाव मात्र धाकट्याचं. म्हणून दादा कालपासून एकच वाक्य म्हणत होता, “तू ठरव, सशा. गाडी तुझी आहे.” कान मोठे म्हणून लहानपणी पडलेलं हे नाव आता दादाखेरीज कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं.

डॉक्टर गेल्यावर धाकट्याने ते दार पुन्हा उघडून लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काही नाही. तिसऱ्यांदा जरा रागाने लावलं, तर आवाज आला.

“दार नीट लागत नाही का?” दादाने विचारलं.

“लागतं की,” धाकटा म्हणाला आणि घरी निघाला.

वाटेत त्याच्या लक्षात आलं की आपल्याला वाईट वाटायला हवं होतं. एवढं मोठं इंजिन उगीच उतरवलं, इतकी वर्षं एक आख्खी गाडी उलगडून ठेवली, बाबांची गाडी, आणि दोष इंजिनात नव्हताच, म्हणजे डोकं आपटून घ्यायची वेळ होती. पण त्याला वाईट वाटत नव्हतं. त्याला फक्त कळून घ्यायचं होतं. तो आवाज कुठे होता? इतकी वर्षं तिथेच गप्प बसून होता का? आणि आज दार लावल्याबरोबर, गिऱ्हाइकाच्या समोर, त्याला बोलायची हुक्की का आली? तो रस्त्याने चालत होता आणि मनातल्या मनात त्या आवाजाची उंची मोजत होता. हा त्याच्या पेशाचा दोष. लोकांचे कान तपासणं हेच त्याचं काम होतं. एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जाड भिंतींच्या पेटीवजा खोलीत तो माणसांना बसवायचा, त्यांच्या कानावर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचा, आणि काचेच्या बाहेर बसून बारीक बारीक शिट्ट्या वाजवायचा. ऐकू आली की बटण दाबा. आयुष्याची मधली सगळी वर्षं त्याने हे एकच वाक्य बोलून काढली होती. त्याचे स्वतःचे कान असे तल्लख होते की शेजारच्या घरातला फ्रीज कधी थांबला हे त्याला कळायचं, आणि या देणगीचा बायकोला भयंकर वैताग होता.

बायकोला त्याने आल्याआल्या सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “म्हणजे इंजिन ठीकच होतं?” तिने विचारलं.

“असावं.”

“आणि तुम्ही दोघांनी ते काढलं.”

“हो.”

तिने एका चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. घडी पुरी केली, आणि मग ती एकदम एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. “अहो, द्या ती गाडी त्या डॉक्टरांना,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुम्ही दोघं मिळून तिचं आणखी काय कराल याचा नेम नाही.” ती चेष्टा करत होती, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. विकायची की पुरी करायची, हा प्रश्न इतके दिवस जागेचा, वयाचा, गुडघ्यांचा होता. आता त्यात आणखी एक गाठ पडली होती. जी गोष्ट मुळात चुकीने सुरू झाली ती पुरी करण्यात काय हशील? आणि विकली, तर तो आवाज कुणाचा होता हे कायमचंच कळायचं नाही. डॉक्टर काही त्याचा शोध घेणार नव्हते. त्यांना तो ऐकूच आला नव्हता.

रात्री त्याला लवकर झोप लागली, पण सकाळी दाढी करताना ते सगळं पुन्हा आलं, आणि आलं ते अगदी पहिल्यापासून. आई गेल्यानंतर त्याचं दादाकडे जाणं सुटलं होतं. भांडण म्हणाल तर नाही, बोलाचाली म्हणाल तर तीही नाही. आई होती तोवर दर रविवारी जायचं, ती नाही म्हणून एक रविवार राहिला, मग दुसरा, मग न जाण्याचीच सवय झाली आणि सवय मोडायला काही निमित्त मिळेना. दोघेही मुळात कमी बोलणारे. दादा छापखान्यात मोठ्या यंत्रावर होता. तिथल्या धडधडाटात माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात, त्यामुळे घरीही त्याचं निम्मं बोलणं भुवयांनीच चालायचं. अशात कसल्याशा सहीसाठी दादा बाबांची गाडी घेऊन त्याला न्यायला आला. धाकटा त्याच्या डाव्या बाजूला बसला. गाडी बाबांच्या वेळी होती तशीच होती, पुढचं गोल नाक, दारांच्या आतलं पिवळट कापड, ऊन तापलं की येणारा रबराचा वास. काय बोलावं हे दोघांनाही सुचत नव्हतं. तेवढ्यात तो आवाज आला. टक्, टक्-टक्, मग थांबला, मग वेग वाढला तसा पुन्हा टक्-टक्. “दादा, हा आवाज कसला?” त्याने विचारलं. दादाने रस्त्यावरची नजर काढून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं, आणि जरा वेळाने म्हणाला, “हो. येतो खरा.” पुढच्या रविवारी दोघांनी मिळून बॉनेट उघडलं होतं.

तिथून ते जे सुरू झालं ते थांबलंच नाही. आधी टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारे भाग, बघितले, कारण गाडीत टकटक झाली की जो तो टॅपेटकडे बोट दाखवतो. ते नीट करून गाडी फिरवून आणली. दादा चालवत होता, धाकटा शेजारी कान लावून बसला होता. “गेला का?” दादाने विचारलं. “नाही, आहे अजून.” “हं. आहे खरा.” मग इंजिनातली साखळी बदलली. गेला का? आहे अजून. मग सगळं इंजिन उलगडलं, बेअरिंगं बदलली, एकेक तुकडा रॉकेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर मांडला, पुन्हा जुळवला. गेला का? नाही. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बॉनेटपाशी ऐकायचा प्रयत्न केला तर तो धड कळायचा नाही, पण इंजिनाचा वेग एका ठरावीक जागी आला की आत बसलेल्या माणसाला तो हमखास ऐकू यायचा. आवाज इंजिनाच्या ठेक्यावर येतो म्हणजे तो इंजिनातच असणार, हे धाकट्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. कानाच्या बाबतीत त्याचा शब्द घरात शेवटचा मानला जायचा. शेवटी दादाच म्हणाला, या इंजिनापुढे हात टेकले, आपण दुसरं बसवू. मग एका ठोकरलेल्या गाडीतून नव्या जातीचं, दुप्पट ताकदीचं इंजिन आलं. ते या गाडीच्या नाकापेक्षा लांब निघालं. रेडिएटर पुढे सरकवावा लागला. तेलाची टाकी खालच्या आडव्या दांडीला घासायला लागली, म्हणून ती कापून डाग मारून उथळ केली. इंजिन ज्यावर बसतं ते चार पाय वेल्डरकडून करून घेतले, पण मापं घेताना गाडीचं एक चाक जॅकवर होतं हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही, आणि इंजिन बोटभर कललेलं बसलं. ते तसंच राहिलं. एकदा, एकदाच ते इंजिन सुरूही झालं होतं. सायलेन्सरचं धुराडं जोडलेलं नव्हतं, त्यामुळे असा काही गडगडाट झाला की पलीकडच्या घरातल्या बाई दार उघडून बाहेर आल्या, आणि दोघे भाऊ गॅरेजच्या धुरात उभे राहून खोकत खोकत हसले. पण रस्त्यावर ती गाडी त्यानंतर आलीच नाही. म्हणजे, हातातला वस्तरा तसाच धरून धाकट्याच्या मनात आलं, आवाज गेला की नाही हे पाहायची पाळी कधी आलीच नाही. ती पाळी जवळ आली की काहीतरी व्हायचं. वायरिंग संपत आलं तेव्हा दादा म्हणाला होता, या वायरींवर माझा भरवसा नाही, आणि सगळ्या उपटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. ब्रेक झाले तेव्हा ते पुन्हा सोडले. धाकट्याला तेव्हा वाटलं होतं, माणूस वयाने चिकित्सक होत चाललाय.

त्या सकाळी त्याच्यापुढे एक आजी आल्या, सुनेबरोबर. ठेंगण्या, नीटनेटक्या, आणि परीक्षेला बसल्यासारख्या सावध. पेटीतल्या खुर्चीवर त्यांनी बटण दोन्ही हातांत धरलं. त्याने शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली आणि आजी बटण दाबत गेल्या. मोठी वाजवली, दाबलं. बारीक केली, दाबलं. अगदी मांजराला ऐकू यावी इतकी बारीक केली, तरी दाबलं. या वयात असे कान असत नाहीत. त्याने मग काहीच वाजवलं नाही, नुसती कळ फिरवल्यासारखं केलं. आजींनी दाबलं. तो उठून आत गेला आणि त्यांच्या कानावरचे हेडफोन काढून जवळून म्हणाला, “आजी, मी आत्ता काहीच वाजवलं नव्हतं.”

“ते मला काय ठाऊक?” आजी म्हणाल्या. “तुमचा खांदा हलला, मी दाबलं.”

“पण ऐकू आलं तरच दाबायचं ना.”

“अहो, तुम्ही त्या काचेपलीकडे एवढं तोंड करून वाट बघत बसता,” आजी म्हणाल्या, “नाही दाबलं तर तुम्हाला वाईट वाटायचं.”

सून कपाळाला हात लावून हसली. तोही हसला, खुर्ची वळवून आजींची पाठ काचेकडे केली आणि पुन्हा सुरुवात केली. आता बटण फार वेळाने, फार मोठ्या आवाजाला दाबलं जाऊ लागलं. हे त्याला नवीन नव्हतं. माणसं खोटं बटण दाबतात हे या पेशात पहिल्याच वर्षी शिकवतात. कुणी पास व्हायला दाबतं, कुणी कंटाळून दाबतं, आणि बरेच जण नुसतं समोरच्याचं मन राखायला दाबतात. त्यांना ओळखायचं कसं, तर त्यांचं दाबणं किंचित उशिरा येतं, आणि त्याआधी त्यांची नजर तुमच्याकडे येते. हे तो शिकाऊ मुलांना कितीदा तरी सांगायचा. आज मात्र तो कागदावर आजींच्या ऐकण्याची रेघ काढता काढता थबकला. आधी नजर, मग उशिराने होकार. ‘हो. येतो खरा.’ त्याने पेन खाली ठेवलं. ‘गेला का?’ असं दादा प्रत्येक वेळी त्यालाच विचारायचा. ‘गेला’ किंवा ‘आहे’ असं आपणहून तो कधी, एकदाही, म्हणाला नव्हता. छापखान्यातून आलेला, ओठ वाचणारा, भुवयांनी बोलणारा माणूस. मुलीने हट्ट करून यंत्र घ्यायला लावलं ते फार अलीकडे. पण कान काही त्याच दिवशी गेले नसणार. धाकट्याने सबंध गावाचे कान तपासले होते आणि आपल्याच गाडीत, आपल्या शेजारी बसलेल्या माणसाचे तेवढे राहून गेले होते. त्याला हसू आलं. त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं, पण त्याचं मन लागेना.

दुपारनंतर त्याने उरलेली कामं सहकाऱ्याच्या गळ्यात घातली आणि निघताना ड्रॉवरमधली एक नळी खिशात टाकली. डॉक्टर छातीला लावतात तशीच असते, फक्त तिच्या टोकाला कानातलं यंत्र लावून ते नीट वाजतंय की नाही हे ऐकतात. दादाच्या घरात खोकी बांधून भिंतीशी लावलेली होती. दादा स्वयंपाकघरात कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत बसला होता. धाकट्याने त्याला हाताने खूण केली आणि तो सरळ गॅरेजमध्ये गेला. दारातून तिरपं ऊन आत आलं होतं. त्याने पुढच्या चाकांच्या कमानीवर दोन्ही हात ठेवून गाडी हलवली, पाळणा हलवावा तशी. स्प्रिंगा कुरकुरल्या. काही नाही. मग डाव्या बाजूने, दारापाशी उभा राहून हलवली. टक्. तो तसाच थांबला. पुन्हा हलवली. टक्-टक्. त्याने नळी कानात घातली, तिचं टोक पत्र्यावर टेकलं, आणि एका हाताने गाडी झुलवत दुसऱ्या हाताने जागा बदलत गेला, पुढचा पत्रा, दाराचं कापड, पायाखालची कड, छताची कमान. सगळीकडे तो आवाज दुरून येत होता, भिंतीपलीकडचा. मग त्याने टोक पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबावर ठेवलं. आवाज एकदम कानात येऊन बसला, एवढा मोठा की त्याने दचकून नळी काढली.

खांब पोकळ होता आणि दोन्ही बाजूंनी पत्रा जोडून बंद केलेला. आत काहीतरी सुटं होतं. एखादा नट, एखादा खडा, कुणास ठाऊक. धाकटा गाडीत आपल्या जुन्या जागेवर बसला, दार ओढून घेतलं आणि मान वळवली. खांब त्याच्या डाव्या खांद्याच्या किंचित मागे होता. म्हणजे तो आवाज इतकी वर्षं त्याच्या कानाच्या मागच्या बाजूला, वीतभर अंतरावर होत होता आणि तो पुढे बोट दाखवत होता. आवाज समोरून आला की पाठीमागून, हे सांगताना माणसाचा कान हमखास फसतो, हेही तो शिकाऊ मुलांना सांगायचा. इंजिनाचा हादरा एका ठरावीक वेगाला आला की खांबातली ती वस्तू त्या ठेक्यावर नाचायची, एवढंच. आणि शेजारी, उजव्या हाताला बसलेल्या माणसाने, त्याला काहीही ऐकू येत नसताना, ‘हो, येतो खरा’ म्हटलं होतं. हे एवढं कळूनही त्याची उत्सुकता भागली नाही. आवाज कुठला ते कळलं होतं. तो होकार कुठला, ते कळायचं होतं.

दादा दारात येऊन उभा राहिला. हाताला वर्तमानपत्राची शाई लागली होती. धाकट्याने गाडीतून उतरून त्याच्या समोर उभं राहत, ओठ नीट हलवत विचारलं, “दादा, तो आवाज तुला कधी ऐकू आला होता का? खरं सांग.”

दादाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. होकार येईल म्हणून धाकटा वाट पाहत राहिला, पण दादाने मान हलवली ती आडवी. “नाही बुवा,” तो म्हणाला. “मला तेव्हाच टाळ्या आणि किंकाळ्या सोडून फारसं काही ऐकू येत नव्हतं. यंत्राजवळ आयुष्य काढलं ना.”

“मग हो का म्हणालास?”

“तू एवढा कान टवकारून बसलेलास,” दादा म्हणाला. तो गाडीला टेकला आणि शाईची बोटं विजारीला पुसत राहिला. “आई गेल्यावर तू यायचा बंद झालास. बोलावलं असतं तर आला असतास, पण बोलावून काय सांगायचं? त्या दिवशी गाडीत बसलास आणि पहिल्यांदा आपणहून काही विचारलंस. मी म्हटलं, येतोय तर येऊ दे आवाज. पुढच्या रविवारी तू आलास की. डबा घेऊन आलास, जुने कपडे घालून.”

“आपण आख्खं इंजिन उतरवलं, दादा.”

“उतरवलं ना,” दादा जराही ओशाळला नाही. “मजा नाही आली का?”

धाकट्याने ताडपत्रीकडे पाहिलं, बोटभर कललेल्या इंजिनाकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात येत गेलं. “आणि त्या वायरी? आणि ब्रेक?”

“वायरी काही एवढ्या वाईट नव्हत्या,” दादाने कबूल केलं. “पण गाडी पुरी झाली असती तर तू कशाला आला असतास?”

रागवायला हवं होतं. धाकट्याने स्वतःला चाचपून पाहिलं, राग कुठे आहे का, सापडला नाही. आपल्यासाठी कुणी इतकं खटपटीचं, इतकं बिनडोक आणि चिकाटीचं खोटं बोललं असेल हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्याला ते फार आवडलं. पण पुढचंही त्याला दिसलं. अर्धवट गाडीने त्याला इथवर आणलं होतं, कारण गाडी इथे होती आणि दादा इथे होता. महिनाअखेरीला दादा दिवसभराच्या वाटेवर जाणार होता. अर्धवट गाडी आता कुणालाच कुठे आणणार नव्हती. ती विकली की रविवार संपले, आणि विकली नाही, नुसती ठेवली, तरी संपलेच. आई गेल्यानंतर संपले होते तसेच, न भांडता, न बोलता, एकेक करून.

त्याने दादाचा हात धरला आणि तळवा त्या खांबावर सपाट ठेवला. मग दोन्ही हातांनी गाडी हलवायला लागला. दादाने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, सवयीने. मग त्याची नजर हळूच खांबावर गेली. भुवया वर चढल्या. त्याने दुसराही हात खांबावर ठेवला, मान तिरकी केली.

“हाच?” तो म्हणाला.

धाकट्याने मान डोलावली.

“अरे, हा तर काहीच नाही,” दादा म्हणाला, आणि मग गदगदून हसायला लागला. “एवढासा! मी समजत होतो काहीतरी मोठं असेल. सशा, काय कान आहेत रे तुझे. बाबांनी इथे सीटचे पट्टे बसवून घेतले होते ना, तेव्हा भोकातून एखादा नट आत पडला असेल. कापून काढू या?”

“नको,” धाकटा म्हणाला.

फोन वाजला. दाताचे डॉक्टर होते, संध्याकाळ व्हायच्या आतच. धाकट्याने बोलून घेतलं. गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं, माफी मागितली. डॉक्टर माणूस भला, पण चुटपुट लागलेला. “का हो, काय झालं?” त्यांनी विचारलं. “आवाज येतो अजून,” धाकटा म्हणाला. “हात्तिच्या! मग तो काढून द्या की.” “तोच ठेवायचाय,” धाकटा म्हणाला, आणि डॉक्टर यावर काय म्हणाले ते ऐकण्याआधीच त्याने फोन खिशात टाकला.

दवाखान्याच्या मागे एक शेड होती, मोडक्या खुर्च्यांनी भरलेली. मालक नाही म्हणणार नाही. उद्या विचारायचं, परवा खुर्च्या काढायच्या, गाडी ओढून तिथे न्यायची. महिनाअखेरीपर्यंत दादा इथेच होता. वायरी आता भरवशाच्या आहेत, ब्रेक पुन्हा सोडायचे नाहीत, धुराडं जोडायचं आणि कललेलं इंजिन तसंच कललेलं ठेवायचं. हे सगळं त्याच्या डोक्यात भराभर जुळत गेलं. तो बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला जाऊन आत बघायला लागला होता. तिथूनच, मान वर न करता तो म्हणाला, “या वेळी खरोखर पुरी करायची, दादा. नाहीतर मी तुझ्याकडे येणार कशाने?”

उत्तर आलं नाही. त्याने वर पाहिलं. दादा पलीकडून त्याच्या तोंडाकडे बघत होता. जरा वेळ गेला, मग दादाने मान हलवली. “हो हो,” तो समजूतदारपणे म्हणाला. “अगदी खरं.”

धाकट्याला हा होकार ओळखू आला. तो बॉनेटला वळसा घालून गेला, दादाच्या खिशातून यंत्र काढलं, त्याला लागलेली तंबाखूची पूड फुंकली, आणि दिवसातून कितीदा तरी परक्या माणसांच्या कानात घालायचा त्याच सराईत बोटांनी ते दादाच्या कानात बसवलं. दादाने नाक मुरडलं, पण मान मागे घेतली नाही. धाकटा मग त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला, जिथून तोंड दिसत नाही, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला, नेहमीच्या आवाजात, खालच्या पट्टीत.

दादाची मान लगेच हलली.